निएवेसच्या हातात बसेल असा

"मी आता सांगणार आहे त्यावर तुझा काडीचाही विश्वास बसणार नाही," असं मी त्या ओरुरोच्या ड्रायव्हरला आधीच बजावलं होतं. त्याच्या तोंडात चीज भरलेली फुगीर पुरी होती, त्यामुळे त्याला हो म्हणता येईना की नाही म्हणता येईना. मी ते हो धरलं.

लिंबेर त्याचं नाव. ओरुरोच्या रस्त्यावर लोकांनी दगड टाकून वाट अडवलेली, त्याची मिनीबस उभी, आणि हा सकाळपासून दोन्या हिलारियाच्या टपरीवर जांभळ्या मक्याची गरम आपी पीत बसलेला. असा अडकून पडलेला माणूस म्हणजे माझ्यासारख्याला देवानं पाठवलेला प्रसाद.

"गेम खेळायचा जगातला सगळ्यात जड कंट्रोलर," मी म्हणालो, "या माणसाच्या दुकानात आहे." आणि शेजारी बसलेल्या सेवेरोच्या पाठीवर थाप मारली.

सेवेरोनं पेला दोन्ही तळव्यांत धरला होता. आपी गरम आहे की निवली, हे त्याची बोटं त्याला सांगत नाहीत. तो ओठ लावून बघतो.

"काळा, रुंद, पोटात दगड भरल्यासारखा. एकदा गारपीट आली. दुकानाचा पत्रा उडायला लागला म्हणून मी वर चढलो आणि हा कंट्रोलर पत्र्यावर ठेवला. काय झालं असेल?"

"पत्रा राहिला," लिंबेर म्हणाला.

"पत्रा गेला! थेट टिटिकाका सरोवरात. कंट्रोलर मात्र होता तिथेच राहिला. हवेत."

"हवेत?"

"पडायलासुद्धा कंटाळा करणारा प्राणी तो. दुपारी आला हळूहळू खाली."

"माझ्या पुरीतसुद्धा एवढी हवा नसते, दोन अपोलिनार," हिलारिया कढईवरून मला म्हणाली. (दोन म्हणजे आमच्याकडे राव, आकडा नव्हे; बाईला दोन्या.) पण लिंबेरनं मान डोलवली. तो सगळं गिळणाऱ्यांतला होता. पुरी आणि गोष्ट, दोन्ही.

सेवेरो तिकोना माझा कोंपाद्रे, म्हणजे त्याच्या मुलीचा मी धर्मपिता, पाद्रिनो. आम्ही दोघं एकाच खाणीत होतो. खाण बंद पडली तेव्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि अर्धी खाण इथे एल आल्तोच्या उघड्या माळावर येऊन विटा रचून राहू लागली. मी कधी हमाली केली, कधी पहारा केला, उरलेला वेळ बोलण्यात घालवला. सेवेरोनं हातात आलेल्या पैशांतून जुने टीव्ही आणि गेमची यंत्रं आणली, बाकडी ठोकली आणि तिलीन उघडलं. तासावर खेळायला देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे तिलीन म्हणतात. एके काळी शाळा सुटली की दारात रेटारेटी व्हायची. आता सगळे फोनची काच घासत बसतात. सेवेरो म्हणतो, त्यात धरायलाच काही नाही, माणूस हरला तर काय आपटणार?

गिऱ्हाईक आत आलं की तो तोंडाकडे बघत नसे, हाताकडे बघे. मग भिंतीवरच्या खिळ्यांवरून एक कंट्रोलर काढून देई. लोक भांडायचे. ज्याला त्याला नवा, चकचकीत हवा. पावाच्या भट्टीवरचा एक दांडगा माणूस होता, त्याला सेवेरोनं तीन मुठींचा दिला.

"हे तीन शिंगांचं जनावर मला नको. मला हात दोन आहेत."

"मधलं धर, आणि उजवं."

"आणि डावं?"

"ते बायकोला धरायला दे. दुकानातून ओढत न्यायला तिला बरं पडेल."

सगळ्यात जुना होता तो साबणाच्या वडीसारखा चपटा. थोडा वेळ खेळलं की त्याचे कोपरे तळहातात रुततात. तरी पोक्त माणसं त्याच्यासाठीच हट्ट धरायची, कारण लहानपणी तोच रुतलेला. त्यानंतर दोन मुठींचे आले. मुठी अशा की हात आपोआप मिटतो, मनगट सैल पडतं. सेवेरो म्हणायचा, हा ज्यानं काढला त्यानं आधी कोणाचा तरी हात हातात घेऊन बघितला असेल. पण त्यांच्या आतच ती थरथर आली. खेळात गाडी आपटली की कंट्रोलर हातात थरथरतो. सेवेरोनं पहिल्यांदा तो हातात धरला आणि लगेच बाकावर ठेवला. जिवंत काही धरल्यासारखा. दुसऱ्या दिवशी त्यानं एकेक कंट्रोलर उघडला आणि आतले थरथर करणारे वजनाचे तुकडे काढून टाकले.

पोरं ओरडली, "दोन सेवेरो, आपटल्याचं कळायला नको?"

"पडद्यावर दिसतं की. हाताला कशाला सांगायचं?"

खाणीत तो खडकाला भोकं पाडायचं थरथरतं यंत्र चालवायचा. ते यंत्र बोटांतून जे घेऊन गेलं ते परत आलं नाही. त्यामुळे त्याला स्वतःला कुठलाच खेळ खेळता येत नव्हता. खेळायची ती निएवेस.

"कोण निएवेस?" लिंबेरनं विचारलं.

"याची मुलगी. माझी धर्मकन्या. तिच्यासमोर फुटबॉल खेळून मी एवढे गोल खाल्ले की टीव्हीत आकडे संपले. पुढचे गोल तिनं भिंतीवर खडूनं लिहिले."

हे अगदीच खोटं नव्हतं. निएवेस खेळायला बसली की गल्लीतली माणसं कामं टाकून बघायला यायची. आई गेल्यावर ती दुकानात बापाजवळ बसूनच मोठी झाली. मग एक दिवस सांता क्रूझची बस, तिथून ब्राझील, साऊँ पावलो. आमच्या पोरी तिथे जातात तशी तीही शिवणकामावर गेली. बंद खोली, मशीन, कापडाचे गठ्ठे. सेवेरो इकडे एकटा राहिला. रविवारी फोन यायचा. तो कानाला लावून उभा राहायचा आणि "हं, हं" म्हणायचा.

एका वर्षी ती कार्निवलसाठी आली. परतीचं तिकीट खिशात घेऊनच आली. मी बघितलं, पेला ती डाव्या हातानं उचलत होती.

"उजव्याला काय झालं, पोरी?"

"काही नाही, पाद्रिनो. कात्री फार धरली. आता अंगठा हाक मारल्यावर लगेच येत नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो तर सेवेरोनं भिंतीवरचे सगळे कंट्रोलर उतरवून बाकावर ओळीनं मांडले होते. निएवेस शाल गुंडाळून समोर उभी.

"हे काय पापा, दुकान विकताय?"

"नाही. हातात घेऊन बघ."

"कशाला?"

"बघ तर."

सेवेरोच्या तोंडून "जाऊ नको" हे शब्द निघाले असते तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण ते त्याला कधी जमलेलं नाही. बायकोला मागणी घालायलाही त्यानं मलाच पाठवलं होतं. त्याच्या डोक्यात एकच होतं, हात इथे बसला तर पोर इथे बसेल.

निएवेसनं चपटा उचलला. "टोचतो." ठेवला. दोन मुठींचा उचलला. "मुठी चांगल्या आहेत. पण अंगठ्यानं फिरवायची दांडी फार वर आहे, पोचता पोचता चेंडू निघून जाईल." काळा जड उचलताना तिनं दोन्ही हात लावले. "हा कंट्रोलर आहे की विटेचा साचा?" तीन मुठींचा तिनं नुसता फिरवून बघितला आणि हसून ठेवला. शेवटी सगळ्यात नवा घेतला, दिवा पेटणारा, गुळगुळीत. बराच वेळ धरला.

"हा छान आहे."

सेवेरो पुढे सरकला. "मग?"

"छान आहे पापा. पण माझी बोटं यात झोपतात."

मी म्हणालो, "झोपू दे की. साऊँ पावलोत कमी झोपली वाटतं?"

"तिथे झोपायला परवानगी नव्हती, पाद्रिनो. म्हणून आता झोपतात."

मी तो दिव्याचा कंट्रोलर तिच्या हातातून घेऊन बाकावर ठेवला.

सेवेरो गुरुवारच्या जत्रेत गेला. आमच्या जत्रेत विमानाची शेपटीसुद्धा मिळते. मी स्वतः अर्धी पाणबुडी बघितली आहे, उरलेली अर्धी पुढच्या गल्लीत होती. तिथून त्यानं एक लहान कंट्रोलर आणला. कोणी केला ते नाव झिजून गेलेला, लहान मुलांच्या हातासाठी केलेला असावा. मग तो दोन दिवस कानशीनं त्याची उजवी मूठ घासत बसला. दांडीवर रबराची टोपी चढवली. वरचं कवच उघडून कडेकडेनं लामा जनावराची लोकर दाबून भरली आणि मुठीवरून बाहेर काढली, म्हणजे थंडीत प्लास्टिक हाताला लागू नये. बोटांना कळत नसलेल्या माणसानं हे केलं. घासताना मध्येच मूठ गालाला लावून बघायचा.

शनिवारी त्यानं तो निएवेसच्या हातात दिला. दुकानात मी होतो आणि दुसरं कोणी नाही.

तिनं बोटं मिटली. थांबली. अंगठा हलवला, पुन्हा हलवला. "पाद्रिनो, बसा समोर," ती म्हणाली.

मी बसलो. तिनं मला असा धुतला की माझा गोलकीपर जाळ्यातून बाहेर येईना, म्हणाला मी इथेच घर बांधतो. निएवेस हसत होती. डोकं मागे टाकून, पूर्वीसारखी. हसता हसता तिनं पडद्यावरून नजर न काढता विचारलं,

"पापा, दुपारी दुकानात कोण बसतं?"

"कोणी नाही," सेवेरो म्हणाला.

"हं. मंगळवार होऊ दे, मग बघू."

मग मंगळवार आला. कार्निवलच्या मंगळवारी घरातल्या, दुकानातल्या प्रत्येक वस्तूला शिंपण करायचं असतं. रंगीत कागदाच्या माळा, पाकळ्या, आणि दारूचा शिंपडा, आधी पाचामामाला, मग वस्तूला. ती पृथ्वी आहे, ती प्यायल्याशिवाय आपल्याकडे काही टिकत नाही. सेवेरो एरवी थेंब देणारा माणूस. टीव्हीला दोन थेंब, बाकाला दोन, दाराला दोन. पण लोकरीच्या कंट्रोलरपाशी आला तेव्हा त्यानं बाटली तिरकी धरली आणि धरूनच ठेवली. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. हाताला कळत नव्हतं किती जातंय. आतल्या लोकरीनं सगळं पिऊन घेतलं.

इथे मी थांबलो आणि आपीचा घोट घेतला. रस्त्यावर कोणीतरी दगड ओढत होतं. हिलारियानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कढईत बघायला लागली.

"गेला कामातून?" लिंबेरनं विचारलं. त्याचा पेला कधीचा रिकामा होता. "भिजला म्हणजे गेला ना?"

ही गोष्ट मी सेवेरोसमोर कितीदा तरी सांगितली आहे. तो कधी मध्ये बोलत नाही. ऐकतो, पेला ठेवतो, दुकान उघडायला जातो.

"गेला?" मी म्हणालो. "अरे, तो प्यायला! बुधवारी निएवेसनं हातात घेतला तर तिचे खेळाडू झिंगल्यासारखे पळायला लागले. एकदा इकडे, एकदा तिकडे. समोरच्याला कळेचना चेंडू कुठे जाणार. लोकर जशी सुकत गेली तशी तिच्या बोटांना अशी ऊब लागली की अंगठा हाक मारायच्या आधीच हजर. सगळी गल्ली बघायला आली. तिनं सगळ्यांना हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिकीट फाडलं, त्या कागदाच्या माळांत टाकलं आणि म्हणाली, पापा, उद्यापासून दुपारची मी."

"वा!" लिंबेरनं मांडीवर हात मारला. त्याला खरोखरच आनंद झाला होता. "हवेतल्या कंट्रोलरपेक्षा हे भारी. म्हणजे ती आहे दुकानात?"

"आहे ना. म्हणजे..."

"मग चला की! रस्ता काही संध्याकाळपर्यंत उघडत नाही. मी ओरुरोत चांगला खेळतो, दोन अपोलिनार. बघू द्या तिचा हात." तो उठलाच. तोंड पुसलं, टोपी घातली. "उठा. कुठल्या बाजूला दुकान?"

"अरे, सकाळची ती... आज जरा बाजारात..."

सेवेरोनं पेला फळीवर ठेवला.

"खोटं आहे, कोंपाद्रे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. लिंबेरकडे वळला. "तो कंट्रोलर सुकलाच नाही. तिची बस वेळेवर सुटली. पिशवी मीच वर दिली तिला."