ब्रदर गार्लंडचे गुडघे

डब प्रुइटच्या शेताच्या कडेला त्या रविवारी साठ-सत्तर पिकअप गाड्या उभ्या होत्या. अकरा दिवसांपूर्वी गारांनी या शेतात कपाशीचे नुसते खुंट ठेवले होते. आता त्याच खुंटांना हिरवे कोंब फुटले होते, आणि आमच्या टेक्ससच्या पठारावरची धट्टीकट्टी माणसं टोप्या काढून रडत होती.

मधोमध ब्रदर गार्लंड उभा. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी हा फिरता धर्मोपदेशक कुठूनसा उगवला. ज्याच्या त्याच्या शेतात जायचा, गुडघे टेकायचा, माती कुरवाळत डोळे मिटून पुटपुटायचा आणि उठून निकाल द्यायचा, "प्रभूनं हे शेत स्वीकारलंय. दहा दिवस नांगर घालू नका, शंका आणू नका." म्हणजे प्रभूलाही दहा दिवसांची मुदत लागत होती. दहा शेतांना त्यानं होकार दिला आणि दहाही फुटली. दर वेळी त्याची टोपी गर्दीतून फिरून भरून परत आली.

अकरावं शेत नेल्डा ह्रुस्काचं. तिथे तो गुडघ्यांवरून उठला, हात झटकले आणि चारचौघांत म्हणाला, "या शेताला मरणाचा दोष आहे. इथे माझं काही चालणार नाही." ते शेत खरोखरच मेलं.

नेल्डाचा नवरा मे महिन्याच्या सुरुवातीला इस्पितळात वारला होता. श्वासाचं यंत्र काढायच्या कागदावर सही नेल्डाची होती, हे गावाला ठाऊक होतं. गार्लंडला पुढे काही बोलावंच लागलं नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेनासं झालं.

मी तिचा शेजारी, हार्लन. त्या रविवारच्या आदल्या दिवशी तिच्याकडे गेलो तेव्हा दुबार पेरणीसाठी आणलेली सरकी पोत्यांत तशीच पडून होती. आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर पेरलेली कपाशी थंडीआधी पिकत नाही. हातात जेमतेम आठवडा होता. मी तसं म्हणालो, तर ती भांडी विसळत राहिली.

"माझ्या हातानं काही उगवायचं नाही, हार्लन. मी त्याला मारलं, ते मातीनं ओळखलं."

मी मिठाची गुळणी धरून बसलो. गार्लंड माझ्याही शेतात येऊन गेला होता आणि माझीही कपाशी फुटली होती. मनातून मला त्या माणसाची चीड येत होती, पण त्याच्या टोपीत मीही पैसे टाकले होते. शेवटी ट्रेविनो बाईंकडे गेलो. त्या आमच्या शाळेत शेती शिकवतात. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "गुडघे टेकल्यावर त्याचे हात कुठे असतात?"

"मातीत," मी म्हणालो.

रविवारी त्या नेल्डाला जवळजवळ ओढूनच प्रुइटच्या शेतात घेऊन आल्या. हातात पत्र्याचे दोन डबे होते. प्रत्येकात मोडक्या कपाशीची रोपं, वर गोणपाट.

"ब्रदर, म्हाताऱ्या विम्बर्लीचं शेत पाहिलंत? तो महिनाभर मुलाकडे आहे. तिथे कुणी प्रार्थना केली नाही. तेही फुटलंय."

"प्रभूची कृपा कुंपण मानत नाही, बाई."

"नेल्डाच्या कुंपणाशी मात्र ती बरी अडखळली," बाई म्हणाल्या. "असो. या दोन डब्यांतला कुठला जगेल, सांगा. फक्त उभ्यानं. हात मागे."

"देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची कुठे? तुमच्या गुडघ्यांची घेतेय."

कुणीतरी खुदकन हसलं. गार्लंडनं डब्यांकडे न पाहता टोपी डोक्यावर चढवली. मग बाईंनीच गोणपाट काढून दोन्ही डब्यांतलं एकेक रोप उपटून वर धरलं, एक वरून मोडलेलं, एक मुळाशी. कपाशीची पहिली दोन जाड पानं निघतात, त्यांच्या वर खोड मोडलं तर पानांच्या बगलेतले डोळे जिवंत राहतात आणि आठ-दहा दिवसांत आपोआप फुटतात. त्यांच्या खाली मोडलं तर खेळ संपला. गुडघे टेकायचे, बोटांनी खुंट चाचपायचे आणि प्रभूच्या नावानं निकाल द्यायचा, एवढीच ती करामत.

"नेल्डाची पेरणी दहा दिवस उशिरा झाली," बाई म्हणाल्या. "ती नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिची रोपं बोटभर होती, गारांनी ती मुळाशी छाटली. दुसरा कसला दोष नाही."

गार्लंडची गाडी कधी निघाली ते कुणी पाहिलं नाही. सगळे नेल्डाकडे पाहत होते.

"तुम्ही बापजाद्यांपासून कपाशी करता," ती हळूच म्हणाली. "खुंट कुठे मोडला की मरतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि याचीच मला अजून लाज वाटते. आम्ही अडाणी नव्हतो. आमचं शेत वाचलं, या आनंदात आम्ही डोकं बाजूला काढून ठेवलं आणि त्याची किंमत तिला मोजायला लावली. म्हणून सांगतो, कुणी डोळे मिटून तुमच्या पिकाचा, तापाचा किंवा मरणाचा निकाल देऊ लागला, तर तुम्ही डोळे उघडे ठेवा आणि त्याचे हात पाहा. ज्या शेतात तो गेलाच नाही, तिथे काय झालं तेही विचारा. आणि निकाल शेजाऱ्याच्या माथी दोष मारणारा असेल, तर लगेच विचारा, उद्यावर टाकू नका.

सोमवारी सकाळी आम्ही चौघं पेरणीयंत्रं घेऊन तिच्या फाटकाशी गेलो. तिचा ट्रॅक्टर आधीच सुरू होता.

"पेरायला मला येतं, हार्लन," ती म्हणाली. "बोलायला तुम्हाला येत होतं."

तिनं फाटक लावलं आणि ट्रॅक्टरवर चढून शेताचं पहिलं तास धरलं.