कपाटातल्या पकडी

एखाद्या घरी स्थळ घेऊन यावं, तसे कारखान्याचे साहेब सकाळीच फळांची करंडी घेऊन दारात उभे राहिले. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी भाजी बाजूला सारली, हात पुसले आणि चांगल्या कपांतून चहा आणायला मुलाला आत पिटाळलं. ज्या सुनेला ही मागणी आली होती, ती मात्र खिडकीशी बसून आपली पक्कड तेलाच्या फडक्याने पुसत होती.

तिला सगळे पक्कडबाई म्हणत. लिफ्ट तपासणं हा तिचा धंदा. शहरातल्या नऊ इमारती तिच्याकडे होत्या, पण नोकर ती कुणाचीच नव्हती. लिफ्ट ठीक असली तर यंत्राच्या पेटीला आणि धोक्याची असली तर बंद केलेल्या मुख्य खटक्याला ती तार ओवायची, तारेच्या टोकांवर शिशाची गोळी बसवायची आणि पकडीने दाबायची. गोळीवर महिन्याचा आकडा उठे आणि त्या पकडीची खूण. प्रत्येक तपासनिसाची खूण वेगळी, हिची त्रिकोण. ज्याची गोळी त्यानेच कापायची, दुसऱ्याची मोहोर असलेल्या यंत्राला हात लावायचा नाही, हा धंद्यातला जुना रिवाज. मालक कितीही बडा असो, त्याची लिफ्ट बंद ठेवायची ताकद त्या वीतभर लोखंडात होती, आणि साहेबांच्या डोळ्यांत तीच सलत होती.

“आजी, तुमची सून म्हणजे हिरा आहे,” साहेब म्हणाले. “अशा माणसाने बाहेरचं कशाला राहायचं? आम्ही त्यांना कायम करून घेतोय. सुट्ट्या, आजारपणाचा खर्च, सगळं आलं. फक्त पक्कड तेवढी आमच्या कपाटात जमा करायची.”

“पक्कड कशाला?” पक्कडबाईने विचारलं.

“कंपनीचं हत्यार कंपनीत. नियम आहे.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

साहेब गोड हसले. तीन महिन्यांत ते सहाव्यांदा विचारत होते, आणि दर खेपेला हसू जास्त गोड होत चाललं होतं. “नाही कशाला म्हणाल? पहिल्या तारखेपासून बाहेरच्या तपासनिसाला आमचं गेट बंद. बाकीच्या आठ इमारतींचे मालकही आमच्या बैठकीतलेच. दुपारी या, कागद तयार ठेवलाय.”

साहेब जिना उतरले आणि सासूबाईंनी करंडीवरचा गुलाबी कागद काढला.

“कायम गं, कायम! तुझे सासरे जन्मभर रोजंदारीवर राबले. आजारी पडले तर मालकाकडचं कुत्रंही विचारायला आलं नाही. आणि तू नखरे करतेस?”

“आई, नोकरीला नाही म्हणत नाहीये मी. पक्कड का मागतात, ते कळत नाही.”

“लोखंडाचा तुकडा तो! दे टाकून त्यांच्या तोंडावर.”

नवरा कप गोळा करून आत गेला. नणंद त्याच कारखान्यात सहाव्या मजल्यावर बटणं लावायच्या मशीनवर होती. तिने घाईघाईने डबा भरला. “वहिनी, हो म्हणून टाक. तुझे उस्तादही झालेच की.”

हे मात्र खरं होतं. पक्कडबाईला धंदा शिकवणारे उस्ताद वर्षापूर्वी तिथेच कायम झाले होते. कारखान्याच्या दोन लिफ्टपैकी पुढची, साहेबलोकांची, हिच्याकडे. मागची, चारशे बायका ज्यातून वरखाली करत ती, उस्तादांकडे. दोन महिन्यांपूर्वी उस्तादांचं उजवं अंग लुळं पडलं. ती रविवारी बघायला गेली होती. त्यांची बायको चमच्याने पेज भरवत होती. उस्ताद एकसारखे डाव्या हाताची मूठ मिटत होते आणि उघडत होते, मिटत होते आणि उघडत होते. पाणी हवं असेल, असं समजून हिने भांडं पुढे केलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं.

कायम नोकरी वाईट असते, असं या गोष्टीला मुळीच म्हणायचं नाही. पोटाची काळजी मिटणं कुणाला नको असतं? पण पोटाला घास देताना माणसाचा ‘नाही’ काढून घ्यायचा, आणि त्या व्यवहाराला घरादाराने भाग्य म्हणायचं, ही रीत आपल्यात मुरत चालली आहे. मालक मागतो हे एक झालं. घरचेच हात धरून नेऊन उभं करतात, हे त्याहून वाईट.

दुपारी ती कारखान्यात गेली. सही करायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. त्याआधी पुढची लिफ्ट शेवटची बघून घ्यावी म्हणून गच्चीवरच्या यंत्रांच्या खोलीत चढली. दोन्ही यंत्रं तिथे शेजारी शेजारी होती. मागच्या यंत्राकडे ती वर्षभर पाठ करूनच काम करत आली होती. उस्तादांच्या मोहोरेत डोकावणं म्हणजे त्यांचा अपमान. आज फडकं खाली पडलं, ते उचलायला ती वाकली आणि ती गोळी डोळ्यांसमोर आली.

गोळीवर चंद्रकोर होती. उस्तादांचीच खूण. आणि शेजारी आकडा होता चालू महिन्याचा.

ज्या माणसाला चमचा धरवत नाही, त्याने या महिन्यात गोळी दाबली कशी? तिला ती मिटणारी, उघडणारी मूठ आठवली. उस्ताद पाणी मागत नव्हते, पक्कड दाबून दाखवत होते.

तिने रिवाज मोडला, उस्तादांची गोळी कापली. पेटी उघडून तिने तारेच्या दोरावर फडकं धरून सरकवलं. दोर शाबूत असला की फडकं सरसर सरकतं. तारा तुटल्या असल्या की अडकतं. फडकं वितीवितीला अडकत होतं. शेवटी त्याच्या चिंध्या झाल्या.

तेवढ्यात यंत्र घरघरलं. जेवणाची सुट्टी संपली होती. दोर तिच्या डोळ्यांदेखत सरकू लागला आणि खालच्या अंधाऱ्या बोगद्यातून बायकांचं हसणं वर येऊ लागलं. त्यात एक हसणं तिच्या घरातलं होतं. मध्येच खटका पाडला तर झटका बसेल, दोर तोही सोसणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ती मजले मोजत राहिली. चौथा. पाचवा. एक तार तिच्यासमोर तट्‌कन तुटली. सहाव्यावर पिंजरा थांबला, दार उघडल्याचा आवाज आला, पावलं बाहेर पडली. तिने खटका पाडला, तार ओवली आणि सगळा जीव एकवटून त्रिकोण दाबला. मग ती तिथेच भिंतीला टेकून रडली.

साहेबांच्या खोलीत कपाट उघडंच होतं. आत सात पकडी ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी, एकीवर उस्तादांचं नाव. आठवी जागा रिकामी होती, तिला पक्कडबाईच्या नावाची चिठ्ठी आधीच लावलेली होती.

“मागची लिफ्ट मी बंद केलीय,” ती म्हणाली. “दोर कधीही तुटेल. उस्ताद अंथरुणाला खिळलेत, आणि त्यांची पक्कड रोज कामावर येते होय?”

“उस्ताद आमचे कायम आहेत,” साहेब शांतपणे म्हणाले. “त्यांची पक्कडही आमची. आणि तुमचा त्या लिफ्टशी संबंध काय? सही करा, विषय मिटवू.”

“नाही.”

“सगळ्या इमारती जातील.”

“जाऊ दे.”

“कपाटातली खूण आता कुणी मानायचं नाही, तर उद्या बाहेरचा दुसरा येईल आणि तुमची गोळी कापेल,” साहेबांनी कपाट लावून घेतलं. “माणसं पुष्कळ आहेत. आज संध्याकाळीच एकाकडे जातोय.”

संध्याकाळी नणंद सहा मजले उतरून घरी आली. सगळ्या बायका जिन्याने उतरल्या होत्या. वहिनीने त्यांना दोराची गोष्ट जिन्यातच सांगितली होती. पोरगी आईच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली. सासूबाई कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग उठल्या. फळं पुन्हा करंडीत रचली, गुलाबी कागद होता तसा बांधला.

“कुणाकडे जाणार म्हणाला तो?”

“चष्मेवाल्याकडेच असेल. आता बाहेरचा तपासनीस तो एकटाच उरलाय.”

“चल. घर दाखव.”

चष्मेवाल्याच्या दाराशी साहेबांचे चकचकीत बूट काढून ठेवलेले होते. आत चांगल्या कपांतून चहा चालला होता, चष्मेवाल्याची म्हातारी आई तोंडभर हसत होती, आणि टेबलावर गुलाबी कागदातली करंडी होती. शेजारी कागद. शेजारी पक्कड.

सासूबाईंनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. आपली करंडी त्या करंडीला लागून ठेवली आणि त्या म्हातारीसमोर बसल्या.

“माझ्याकडेही हीच आली होती, बाई. मी सुनेला म्हटलं, दे टाकून तो लोखंडाचा तुकडा. दुपारी त्या लिफ्टमध्ये माझी पोरगी होती.” त्यांचा आवाज फुटला. “तुमचा मुलगा उद्या ती गोळी कापेल. आत कुणाची पोरगी असेल, तेवढं आज विचारून घ्या.”

म्हातारीचं हसू विरलं. चष्मेवाल्याने पेन उचललं होतं, ते कागदावर टेकलं नव्हतं. तो आईकडे बघत होता.