आवाज बंद केलेला खेळ

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. पण लाकडाचा नाही, चिंध्यांचाही नाही. मी मोबाइलमध्ये राहतो. लहानग्यांनी बोट लावून जग चाचपून पाहावं, म्हणून दौंडच्या तेजश्रीने मला घडवलं. माझ्यात चूक-बरोबर असं काही नाही. हंड्याला बोट लावलं की हंडा कलंडतो, कोकराला लावलं की ते ओरडून उडी मारतं. प्रत्येक स्पर्शाला मी तीन वाटांनी उत्तर देतो: चित्र हलतं, आवाज येतो आणि मोबाइल किंचित थरथरतो. कोकराचा आवाज तर तेजश्रीने खऱ्या कळपात बसून टिपला होता. मला त्याचा फार अभिमान.

पुढे मी सणसवाडीच्या एका भाड्याच्या खोलीत आलो. तिथे ईश्वर, त्याची बायको स्वप्नाली आणि दीड वर्षाची समृद्धी राहत. ईश्वर रांजणगावच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला. सकाळी येऊन तो झोपे. खोली एकच, त्यामुळे घरात दिवसभर सगळे कुजबुजत. पहिल्याच दिवशी स्वप्नालीने माझा आवाज बंद केला.

समृद्धीचं मात्र काही अडलं नाही. दिवसाला दोनशे स्पर्श मी मोजत असे. खेळताना ती मोबाइलच्या पाठीला तळहात लावून बसे. मला वाटे, लाड करते आहे.

"लई गुणी पोर," स्वप्नाली शेजारणीला सांगे. "बाप झोपला की चूं न्हाई करत."

"बोलती का?"

"बोलंल की. हे बी उशिराच बोलले म्हणं."

असं एक वर्ष गेलं. मग पाटसहून ईश्वरची आत्या आली, कुशाबाई. तिचा जन्म मेंढरांमागे गेलेला.

"आगं, घर हाय का मसणवटा? पोरीचं कोकरू बी मुकंच!"

"आत्याबाई, हळू. हे झोपल्यात."

पण कुशाबाईने बटण दाबून माझा आवाज पुरता वाढवला होता. समृद्धीने कोकराला बोट लावलं आणि वर्षभर कोंडलेला माझा आवाज खोलीभर घुमला. ईश्वर ताडकन उठून बसला.

"आरं, मेंढरू कुणी आणलं घरात?"

स्वप्नाली हसली. कुशाबाई हसली नाही. ती समृद्धीकडे बघत होती. समृद्धी दचकली नव्हती. कुशाबाई तिच्या मागे गेली आणि कळपाला घालतात तशी खणखणीत साद घातली. पुन्हा घातली. समृद्धीचं बोट हंड्यावर फिरतच राहिलं.

"स्वप्नाली," कुशाबाई खाली बसत म्हणाली, "बहिरं कोकरू आसंच आसतंय. बाकीच्यांकडं बघून चालतंय, म्हनून ध्यानात येत न्हाई."

तळहाताचा अर्थ मला तेव्हा कळला. माझी एक वाट तिच्यासाठी पहिल्यापासून बंद होती. ती थरथर शोधत होती.

तपासणी झाली. वर्षभर आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. समृद्धीच्या कानांना यंत्रं लागली. आता ईश्वर दिवसा गोंगाटात झोपतो. झोप लागत नाही, पण कुणाला गप्प करत नाही. स्वप्नाली समृद्धीचा हात स्वतःच्या गळ्यावर धरून बोलते. कधी मध्येच थांबून रडते.

मित्रांनो, मी मुलांना रमवतो, थोडं शिकवतोही. पण मूल ओळखणं मला येत नाही. मला कुणाच्या हाती देण्याआधी त्याला एकदा मागून हाक मारून पाहा. मूल शांत आहे एवढ्यावर खूश होऊ नका.

परवा समृद्धी खेळत होती. चुलीपाशी पाठमोरी बसलेल्या स्वप्नालीने हाक मारली, "समू!" समृद्धीने मान वळवली नाही. पण कोकराकडे निघालेलं तिचं बोट मध्येच थांबलं. क्षणभरच. एवढं मी नक्की सांगू शकतो. स्पर्श मोजणं हेच तर माझं काम.

स्वप्नालीने ते पाहिलं नाही. मला तर तिला हाक मारता येत नाही. कुणीतरी तिला सांगा.