तडतड थांबेपर्यंत

"काठी बुडव आणि कान दे. तडतड थांबली की पाणी गेलं समज. त्याआधी जाळ वाढवायचा नाही."

मित्रांनो, हा माझा जाळ सांभाळणाऱ्या थिओफिलसचा आवाज. मी एक जुनी लोखंडी काहील आहे. त्रिनिदादमध्ये, ला ब्रेआच्या डांबराच्या तळ्याकाठी माझं आयुष्य गेलं.

तळ्यातलं डांबर कुदळीनं फोडून माझ्यात घालत. त्यात पाणी फार. ते मंद जाळावर दिवसभर उडवायचं, मग डांबर पिंपांत भरून जहाजावर चढवायचं. दूरदेशी त्याचे रस्ते होत. तेव्हा माझं कौतुक होतं.

एकदा जहाज खोळंबलं. मुकादम ब्रॅथवेट आला.

"काहिलीला कान लावून बसलाय म्हातारा. बायकोचं तरी कधी एवढं ऐकलंस का रे?"

माणसं हसली.

"अजून तडतडतंय, साहेब."

"मग तडतडू दे." त्यानं स्वतःच लाकडं आत सारली.

थिओफिलसची लेक अर्मिन डबा घेऊन आली होती. बापानं तिला मागं ढकललं, तेवढ्यात फेस उतू गेला आणि पेटला. थिओफिलसचे डोळे गेले. चौकशीत 'कामगाराची घाई' असं लिहिलं गेलं. महिन्याभरात अर्मिनला कंपनीच्याच कचेरीत नोकरी मिळाली. घरात दुसरं कमावणारं नव्हतं. ती गप्प राहिली.

पुढे जाळ जाऊन वाफेच्या नळ्या आल्या, मग बंद टाक्या, तापमानाचे काटे. आता पडद्यावर आकडा बघून बटण दाबतात. मला फाटकाशी मांडून पाटी लावली: 'कामगाराच्या घाईमुळे ही काहील पेटली, आणि वाफेचं यंत्र आलं.'

अर्मिन दर शुक्रवारी उपास सोडण्याआधी मला पुसते. पाटीला कधी हात लावत नाही.

गेल्या शुक्रवारी आंधळा थिओफिलस तिच्यासोबत आला. माझा काठ चाचपत म्हणाला, "पाटीवर माझं नाव आहे म्हणालीस ना?"

"हो, बाबा. चांगलं लिहिलंय."

तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन आलेल्या वाटाड्यानं पाटी मोठ्यानं वाचली. थिओफिलसनं माझ्या काठावरून हात काढला.

"वीस वर्षं मला हे वाचून दाखवलं नाहीस."

"नाही दाखवलं."

"बदलून घेशील?"

"घेईन, बाबा."

मित्रांनो, मला तेल लावू नका, रंग देऊ नका. गंजले तरी चालेल. फक्त माझ्याबद्दल लिहायच्या आधी, काठी कुणाच्या हातात होती आणि लाकडं कुणी सारली, ते विचारा.

आज शुक्रवार. अर्मिननं मला पुसलं नाही. तिनं पाटीचे चारही खिळे उपटले, पाटी काखेत घेतली आणि कचेरीच्या पायऱ्यांकडे चालू लागली.