टाकीकडचा गोल

अख्ख्या हंगामात पाण्याच्या टाकीकडच्या गोलात डोक्याने मारलेला एकही चेंडू गेला नव्हता. यजमान संघाचा नाही आणि पाहुण्यांचाही नाही.

“टेप ताठ धर,” निरीक्षक म्हणाला. “ढिला टेप म्हणजे खोटा टेप.”

गोलकीपरने टेपचे टोक आडव्या दांड्याच्या खालच्या कडेला घट्ट दाबले. उंचीमुळे सगळे त्याला शिडी म्हणत. बेकरीतली पाळी संपवून तो आजही सामन्याला उशिरा पोहोचला होता, आणि निरीक्षकाने त्याला आधी एकचाकी गाडीभर माती टाकायला लावून मगच हातमोजे घालू दिले होते. आता त्याच गोलखाली निरीक्षक गुडघे टेकून बसला होता. भोवती दोन्ही संघ, लीगचा प्रतिनिधी आणि उरलेसुरले प्रेक्षक कोंडाळे करून उभे होते.

वाद पाहुण्यांच्या धिप्पाड स्ट्रायकरने काढला होता. त्याने डोक्याने मारलेले चेंडू दांड्यावर आदळून परत येत राहिले आणि सामना बरोबरीत सुटला. शिट्टी झाल्यावर तो गोलखाली उभा राहिला आणि टाचाही न उचलता त्याने दांड्याला तळवा टेकवला.

“घरचं माप दिसतंय,” तो म्हणाला.

वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून उभे आयुष्य काढलेल्या माणसाला याहून घाण शिवी देता येत नाही. निरीक्षकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“घरचं माप? या शहरातल्या निम्म्या तराजूंवर माझा शिक्का आहे! टेप आणा रे. सगळ्यांसमोर मोजू. आणि माप बरोबर निघालं, तर तुमच्या या खांबाने सगळ्यांसमोरच माफी मागायची.”

टेपवरचा आकडा त्याने वाचला, पण उच्चारला नाही. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा वाचला. गोल चार बोटे बुटका होता.

स्ट्रायकर हसला नाही. तो हसला असता तर बरे झाले असते. निदान ओरडायला कोणीतरी मिळाले असते.

लीगचा प्रतिनिधी म्हणजे निवृत्त पंच होता. जन्मभर शिट्टी वाजवल्यामुळे की काय, बोलताना तो आवाज अजिबात चढवत नसे.

“पुढच्या रविवारी सकाळी येतो,” तो म्हणाला. “गोल मापात पाहिजे. आणि हे कसं झालं, ते मला पटेल असं सांगायचं. मुद्दाम केलं असेल तर क्लब लीगबाहेर.”

“मुद्दाम? म्हणजे आम्ही—”

“मी म्हणत नाही. पण लोक म्हणणार. कारण शोधा.”

वस्तीत अर्ध-व्यावसायिक क्लब काढण्याचे खूळ निरीक्षकाचेच. अर्ध-व्यावसायिक म्हणजे काय, हे त्याने पहिल्याच सभेत समजावून सांगितले होते: खेळाडूने दिवसा आपापली नोकरी करायची, क्लबकडून सामन्यामागे थोडेफार मानधन घ्यायचे, आणि मैदानात उतरल्यावर मात्र पूर्ण व्यावसायिक असायचे. अर्धेपणा मैदानाबाहेर ठेवून यायचा. त्याप्रमाणे त्याने बेकरीतून, दवाखान्यातून, बसडेपोतून आणि छापखान्यातून खेळाडू गोळा केले. मैदान टाकीच्या मागचे, वर्षानुवर्षे पडीक. टाकी गळत असे. त्यामुळे तिच्याकडच्या गोलासमोर चांगला मोठा खळगा झाला होता आणि त्यात सदा पाणी साचलेले. कीपरने तिथे झेप घेतली की चेंडूआधी बेडूक हाती लागे.

खेळाडू उशिरा येऊ लागले तेव्हा निरीक्षकाने या दोन दुखण्यांवर एकच औषध काढले. जेमतेम मानधन घेणाऱ्यांकडून दंडाचे पैसे घेणे त्याला बरे वाटेना. त्याने नियम केला की जो उशिरा येईल त्याने टाकीमागच्या ढिगातून एक गाडी माती आणायची, त्या गोलासमोर पसरायची, धुमसाने ठोकायची आणि मगच चेंडूला पाय लावायचा. सबब ऐकून घेतली जाणार नाही. सांगितलीच तर दुसरी गाडी.

सबबी अर्थातच सगळ्यांकडे होत्या, कारण नोकऱ्या सगळ्यांकडे होत्या.

त्या गोलाची ख्याती हंगामाच्या मध्यापासून वाढली. उत्तरार्धात टाकीकडचा गोल आपल्या वाट्याला आला तर आपण हरत नाही, अशी खेळाडूंची समजूत झाली. शिडी तर आत शिरताना खांबाला हात लावून तो कपाळाला लावू लागला. निरीक्षकाने एकदा ते पाहिले आणि सराव थांबवून सगळ्यांना फैलावर घेतले.

“गोलाला पायगुण नसतो. गोलाला उंची असते आणि रुंदी असते. कळलं? यापुढे कोणी हात जोडताना दिसला तर दोन गाड्या!”

त्या दिवशी त्याने टेप आणला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण उंची त्याला ठाऊक होती. खांब रोवले त्या दिवशी त्याने ती स्वतः मोजली होती.

मोजणी आटोपल्यावर तो तडक धाकट्या भावाच्या वर्कशॉपकडे निघाला. वाटेत त्याने नीट विचार केला, किंवा आपण नीट विचार करत आहोत असे त्याला वाटले. गोल दोन्ही संघांना सारखाच बुटका होता, तेव्हा यात लबाडी नव्हती. रोवताना माप बरोबर होते, तेव्हा कापण्यात चूक नव्हती. दांडा आणि जमीन यांतले अंतर घटले, याचा अर्थ दांडा खाली आला. खांब खचले. खांब रोवले होते धाकट्याने.

अंतराला दोन टोके असतात. त्यांपैकी ज्या टोकाला दोष द्यायला माणूस सापडत होता, तेवढेच त्याने धरले.

धाकटा एका गेटच्या सळ्या जोडत होता. त्याने वेल्डिंगचा मुखवटा वर केला.

“ये दादा. पायाखाली बघ, तुकडे गरम आहेत. वहिनी बरी आहे?”

“सिमेंट किती घातलं होतंस?”

“कशात?”

“गोलात. टाकीकडच्या.”

“भरपूर. हत्ती बांध, हलायचा नाही. का रे?”

“हत्ती!” निरीक्षकाने बाजूच्या टेबलावर टेप आदळला. “हत्ती राहू दे, नुसता वारा लागून चार बोटं खाली गेलाय तो. सगळ्या गावासमोर माझ्या तोंडाला काळं लागलं. मला, मला माप शिकवून गेले लोक!”

“खाली कसा जाईल? मी दगडाची सोलिंग करून वर—”

“टेप खोटा बोलतो का मग?”

“तसं नाही म्हणत मी—”

“फुकटात करून दिलं म्हणजे कसंही करायचं? लहानपणापासून तुझं हेच. सायकल उघडलीस, अर्धी जोडून ठेवलीस. आयटीआयला घातलं, तिथंही मीच जाऊन हातापाया पडलो. एक काम, आयुष्यात एक काम धड सांगितलं होतं. क्लब बंद पडेल आता. बेकरीतली, डेपोतली पोरं रात्रीची झोप मोडून खेळतात, त्यांना काय तोंड दाखवू? माझ्या भावाने सिमेंट खाल्लं म्हणून सांगू?”

वर्कशॉपमधला मदतनीस चहा आणायच्या निमित्ताने बाहेर सटकला. धाकट्याने हातातली सळई खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. कानशिलावरचा घाम त्याने मनगटाने टिपला.

“असेल दादा,” तो शेवटी म्हणाला. “जरा कमी पडलं असेल सिमेंट. शनिवारी येतो. उकरू, आणि खांबांना खालून तुकडा जोडून देतो.”

निरीक्षकाचा श्वास हळूहळू जागेवर आला. कारण सापडले की त्याला नेहमीच बरे वाटे.

शनिवारी दुपारी धाकटा गॅसची नळकांडी टेम्पोत घालून आला. शिडीने सुट्टी काढली होती. कप्तान सगळ्यांत शेवटी आला. तो दवाखान्यात परिचारक होता आणि रात्रपाळी लांबल्यामुळे डोळे तारवटलेले होते. निरीक्षकाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. कप्तान लगेच वळला, टाकीमागे गेला आणि गाडीत माती भरू लागला.

“अरे, आज माती नको!” निरीक्षक खेकसला. “आज उकरायचंय!”

कप्तान अर्ध्या भरलेल्या गाडीसह तसाच उभा राहिला.

निरीक्षकाने फावडे स्वतःच्या हातात घेतले. खचलेल्या पायाला तडा कुठे गेला आहे, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते आणि धाकट्याला दाखवायचेही होते. उजव्या खांबाच्या बुडाशी, गोलरेषेवर त्याने पहिला घाव घातला. माती कडक होती. महिनोन्महिने धुमस खाऊन तिची फरसबंदी झाली होती. त्याने सवयीप्रमाणे कड सरळ कापली आणि माती बाजूला ओढली. मग तो थांबला.

कापलेल्या कडेत पांढरी रेघ होती. तिच्याखाली माती. त्याखाली आणखी एक पांढरी रेघ, मग पुन्हा माती. दर सामन्याआधी गोलरेषेवर मारलेली फक्की थराखाली थर दाबली गेली होती, आणि अख्खा हंगाम तिथे कापलेल्या केकसारखा आडवा दिसत होता. सगळ्यांत खालची फक्की पिवळ्या, चपट्या, मेलेल्या गवतावर पडलेली होती. तिच्या शेजारी, तिच्याच पातळीत, सिमेंटचा माथा होता. त्याला तडा नव्हता. धाकट्याच्या थापीचे फटकारे त्यावर काल मारल्यासारखे ताजे दिसत होते.

“टेप,” निरीक्षक म्हणाला.

शिडीने वरचे टोक धरले. निरीक्षकाने खालचे टोक सगळ्यांत खालच्या रेघेला लावले. माप तंतोतंत बरोबर होते.

त्याने टेप गुंडाळला, पण तो उकिडवाच राहिला. मग त्याने खात्यातल्या आवाजात, वर न बघता विचारले,

“ही माती कोणी टाकली?”

कप्तानाने गाडीची मूठ सोडली.

“आम्हीच, साहेब. उशिराची.”

“खळगा कधी भरला?”

“झाले की बरेच दिवस. टाकीची गळती काढली, त्याच सुमाराला.”

“मग थांबला का नाहीत?”

कप्तानाने शिडीकडे पाहिले. शिडीने दांड्याकडे पाहिले.

“मी एकदा म्हणालो होतो, साहेब,” शिडी म्हणाला. “आता माती पुरे झाली वाटतं, म्हणून.”

“मग?”

“तुम्ही दुसरी गाडी टाकायला लावलीत.”

कप्तानाच्या नाकातून हसण्यासारखे काहीतरी निसटले आणि त्याने ते लगेच खोकल्यात बुडवले. निरीक्षक उठला. त्याच्या कपाळावरची शीर टरारली, मान लाल झाली; हे लक्षण ओळखून शिडी नकळत एक पाऊल मागे सरकला. ते पाऊल निरीक्षकाने पाहिले. तो धाकट्याकडे वळला.

“आणि तू? सिमेंट कमी पडलं म्हणालास.”

“नव्हतं पडलं कमी.”

“मग म्हणालास का?”

धाकट्याने नळकांड्याची चावी घट्ट फिरवून बंद केली. गॅस तसाही सुरू नव्हता.

“तू ओरडत होतास, दादा.”

निरीक्षकाने कप्तानाच्या गाडीतली माती तिथेच जमिनीवर पालथी केली आणि रिकामी गाडी गोलाजवळ आणून तो फावड्याने भरू लागला. पहिली खेप त्याने एकट्याने टाकीमागच्या ढिगावर नेली. दुसऱ्या खेपेला धाकट्याने दुसरे फावडे घेतले. कोणी कोणाला काही सांगितले नाही. उतरत्या उन्हात जुने पिवळे गवत हळूहळू उघडे पडत गेले.

रविवारी सकाळी प्रतिनिधी आला. त्याने स्वतःच्या टेपने गोल मोजला, मान हलवली आणि टेप गुंडाळून खिशात टाकला. मग गोलासमोरच्या ताज्या खरवडलेल्या जमिनीकडे आणि ओळीने उभ्या राहिलेल्या खेळाडूंकडे त्याने पाहिले.

“माप ठीक आहे. कारण?”

“जमीन वर आली होती,” निरीक्षक म्हणाला. तो इतक्या हळू बोलला की प्रतिनिधीला कान पुढे करावा लागला. “उशिरा येणाऱ्याने इथं माती टाकायची, असा माझा नियम होता. इथं खळगा होता.”

“म्हणजे नियम चुकला?”

“नियम बरोबर होता. खळगा भरला तेव्हा तो संपायला पाहिजे होता.”

“मग संपला का नाही?”

मागे उभा असलेला शिडी पुढे होऊन काही बोलणार होता. धाकट्याने त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवले.

“खळगा भरलाय, हे मला सांगायची सगळ्यांना भीती वाटत होती,” निरीक्षक म्हणाला.