दोन तासांचा नेम

सहादेव दूधसंघाच्या कामासाठी मुंबईहून विमानानं दिल्लीला निघाला, तेव्हा त्याच्या आईनं, रतनबाईनं, इकडे संगमनेरात नेम धरला, की लेकाचे पाय जमिनीला लागेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. विमान सकाळी दहाला उडायचं होतं. "सातशे मैल हाय आई, पन दोन तासांत उतरतो बघ," असं तो सांगून गेला होता.

बाराच्या सुमाराला आळीतल्या बायका जमल्या. "कधी पोचायचा गं सहादेव?" शेजारच्या छबूबाईनं विचारलं.

"दिल्ली काय जवळ हाय व्हय? उद्याची सकाळ हुईल," रतनबाईच्या तोंडून निघून गेलं. बायका एकेक करून तिच्या पाया पडल्या. देवापुढं बसूनसुद्धा तिला ते गोड वाटलं, आणि मग मागं फिरता येईना.

दिवेलागणीला तान्हं नातवंड रडून रडून लाल झालं. सून चांगुणा त्याला छातीशी धरून बसली होती, पण दूध पुरत नव्हतं. सासूबरोबर तिनंही सकाळपासून पाणी सोडलं होतं.

रतनबाईनं तांब्या भरून तिच्यापुढं धरला. "पी, पोरी. त्यो बारालाच उतरलाय. मला ठावं हुतं."

"मलाबी सांगून गेल्ते, आत्याबाई," चांगुणा खालमानेनं म्हणाली. "पन चार बायांत तुमचा शबूद खाली कसा पाडू?"

ती घटाघटा पाणी प्याली. रतनबाईनं दिवा लावायला काडी ओढली, पण देवाकडं बघायचं तिला धाडस होईना.