गोल मांडलेल्या खुर्च्या

वडील गेल्यानंतर लेकीने भरवलेली ही पहिलीच बैठक होती. वडिलांच्या या बैठकांत वाढतं तापमान, आटतं पाणी यांवर पुढारी आणि विद्यार्थी एकत्र बसून तोडगा काढत. त्यांचा हट्ट एकच असे: मंच नको, खुर्च्या गोल मांडायच्या आणि प्रत्येक पुढाऱ्याच्या शेजारी एक विद्यार्थी.

मंत्र्यांचे सचिव दारातच अडले. "ताई, साहेबांसाठी मंच कुठंय?"

"मंच घातला की साहेब बोलतात आणि मुलं माना डोलावतात," लेक म्हणाली. "ते रोजचंच आहे."

"तुमचे बाबा असते तर त्यांनी समजून घेतलं असतं."

ती म्हणाली, "बाबांनी याच दारातून एका मंत्र्यांना परत पाठवलं होतं. साहेबांना जायचं तर जाऊ द्या, खुर्च्या हलणार नाहीत."

मागे उभे असलेले मंत्री हे ऐकत होते. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने शेजारची खुर्ची थोपटली. "काका, या ना! पण आधी आमच्या कोरड्या नळांचं ऐकायचं हं."

मंत्री हसले आणि जाऊन बसले.

आता वडिलांचीच खुर्ची रिकामी होती. सकाळपासून लेक तिच्याकडे बघणं टाळत होती. ती तिथे जाऊन बसली आणि म्हणाली, "चला, सुरुवात मुलांपासून."